भाकरी फुगेल अशी शेगडी

आमच्या साताऱ्याच्या घरात दोन आवाज असे होते की ते चालू असताना कुणाच्या कानावर यायचे नाहीत, थांबले की मात्र सगळे माना वर करून बघायचे. पुढच्या खोलीत आप्पांची कानस लोखंडावर फिरायची, आणि मागच्या खोलीत आईच्या भाकरीची थाप पडायची. आप्पा लष्करात गाड्या दुरुस्त करून पेन्शनीत आले आणि पोवई नाक्याच्या पुढं, रस्त्याला लागून असलेल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच त्यांनी वर्कशॉप थाटलं. पाण्याच्या मोटारी, ऑइल इंजिनं, रसवंतीच्या चरकाची दातेरी चाकं, कुणाचा पंखा, कुणाचा रेडिओसुद्धा. काम संपलं की ते हात पुसत 'ओके रिपोर्ट' म्हणायचे आणि गिऱ्हाइकानं मान डोलावल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. आई कुणालाच रिपोर्ट द्यायची नाही. तिच्या थापेचा ठेका बदलला की आम्हा भावंडांना कळायचं, आता शेवटची भाकरी, आता पानं घ्यायची. खर्डा, वांग्याची भाजी, दुरडीत फडक्याखाली भाकऱ्यांची चळत, आणि आप्पांच्या हाताला साबणानंही न गेलेला ग्रीसचा वास. आमच्या घरचं जेवण आठवलं की मला अजून तो वास आधी येतो आणि भाजीचा मागून.

मी अभ्यासाला बसायची ती या दोन खोल्यांच्या मधल्या दारात. कारण एवढंच की उजेड तिथं चांगला यायचा. पण त्यामुळं दोन्हीकडची हाक मलाच. 'रत्ना, अर्ध्या इंचाचा पाना दे.' 'रत्ना, तव्यावरची उलथ गं जरा.' बारा वर्षांची होईतो मला ब्रास आणि गनमेटल हातात घेऊन ओळखता यायचं, आणि ज्वारीचं पीठ जुनं आहे की ताजं ते मळताना कळायचं. ही काही विद्या आहे असं त्या वयात मला कुणी सांगितलं नाही, मलाही वाटलं नाही. पुढं विद्यापीठात नोकरी केली तेव्हा समाजशास्त्रवाले म्हणायचे, बाई इंजिनिअरिंगकडच्या. इंजिनिअर म्हणायचे, बाई समाजशास्त्राच्या. आणि वस्तूंची घडण शिकवणाऱ्या संस्थेत गेले तर तिथले विचारायचे, तुमचं चित्रकलेचं शिक्षण कुठं झालं? माझ्या खोलीच्या दारावरची पाटी नोकरीच्या काळात तीनदा बदलली. आत बसणारी बाई तीच होती.

एम. ए.ला मी समाजशास्त्र घेतलं आणि त्यासाठी सांगलीला मावशीकडं राहायचं ठरलं, तेव्हा आप्पांनी कानस खाली ठेवून विचारलं, "त्यात नक्की दुरुस्त काय करायचं असतं गं?"

"दुरुस्त काही नाही आप्पा. समजून घ्यायचं असतं."

"समजल्याबिगर दुरुस्त हुतंय व्हय?" ते म्हणाले. "मग बरं हाय. जा."

मावशीचं घर गावभागात होतं. हंगामात सांगलीच्या बाजारात हळद येऊन पडली की तिचा वास वाऱ्याबरोबर घरात शिरायचा, वाळत टाकलेल्या साड्यांनासुद्धा यायचा. कृष्णेच्या घाटावरून फिरून यायचं, ग्रंथालयात बसायचं, जाड इंग्रजी पुस्तकांतून समाज म्हणजे काय ते वहीत उतरवून घ्यायचं असं माझं चाललं होतं. पहिलं वर्ष असंच गेलं. वहीत समाज पुष्कळ साठला, पण माणूस एक नव्हता.

दुसऱ्या वर्षी एके दिवशी इंजिनिअरिंग कॉलेजातले काळे सर आमच्या विभागात आले. उंच, सडसडीत, पांढरा शर्ट, खिशाला टोक केलेली पेन्सिल, आणि विद्यार्थ्यांना आडनावानं हाक मारायची पद्धत. त्या दिवसांत रॉकेलला रांगा लागत होत्या आणि गावोगाव गोबरगॅसची चर्चा होती. उसाच्या पट्ट्यात, जिथं दावणीला पाच-सात जनावरं आहेत अशा घरांत, गोबरगॅसचे प्लँट बांधून दिले होते. अंगणात विटांचा हौद, त्यात शेणाचा काला, वर तरंगणारा लोखंडी ड्रम. ड्रमखाली गॅस साठला की ड्रम वर यायचा आणि गॅस नळीनं चुलीशेजारच्या शेगडीत. सगळं यथासांग झालं होतं. फक्त बायका त्या शेगडीवर चहाशिवाय काही करत नव्हत्या. स्वयंपाक पुन्हा चुलीवरच. हे असं का, ते शोधायचं काम काळे सरांकडं आलं होतं, आणि स्वयंपाकघरात पुरुषाला जाता येत नाही म्हणून त्यांना एक मुलगी हवी होती.

"कदम, तुम्ही साताऱ्याकडच्या ना? भाषा कळेल तुम्हाला," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात छापील फॉर्मांचा गठ्ठा दिला. शेवटचा प्रश्न मुख्य होता. शेगडी न वापरण्याचे कारण : भीती, धार्मिक अडचण, अज्ञान, इतर. 'इतर'च्या पुढं बोटभर रेघ होती.

एस. टी.नं कुंडल, आणि तिथून उसातल्या वाटेनं चालत शेजारचं गाव. पहिल्या आठवड्यात मी घरोघर फिरले आणि फॉर्म इतके भराभर भरले की माझी मलाच शाबासकी वाटली. दारात उभं राहून विचारायचं, आतून उत्तर यायचं, "भ्या वाटतंय, बाय." भीती, बरोबरची खूण. पुढचं घर. "भ्या वाटतंय." खूण. एका आजींनी "आमाला काय कळतंय त्यातलं" म्हटलं, तिथं अज्ञान. धार्मिक अडचण मात्र कुणालाच नव्हती. शेणाला कुणाची अडचण असायची!

गावाच्या टोकाला तानुबाईंचं घर. चाळिशीची, काटक अंगाची बाई. मालक मिलिटरीत, शेती दीर बघायचे, आणि घरातल्या अकरा माणसांचं रांधणं, गोठा, दूधदुभतं सगळं यांच्या अंगावर. मी उंबऱ्याशी उभी राहून प्रश्न विचारला. त्या काठवटीत पीठ मळत होत्या. वर न बघताच म्हणाल्या, "लिव, भ्या वाटतंय."

मी खूण करायला पेन टेकवलं, आणि त्या हसायला लागल्या. साधंसुधं हसू नव्हे, पिठाचे हात वर धरून डोळ्यांतलं पाणी खांद्याला पुसत हसल्या.

"आगं, खरंच लिवतीस व्हय? गेल्या वर्सी एक मास्तर आलता, त्यानं बी तेच लिवलं. भ्या वाटतंय म्हटलं का मानूस लवकर जातोय. न्हाईतर अर्धा घंटा समजावत बसतोय, गॅस फुटत न्हाई, गॅस चावत न्हाई." मग एकदम हसू आवरून त्यांनी मला नीट न्याहाळलं. "भाकरी येती का तुला?"

"येते की."

"मग हिकडं ये. चपला काढ. पाट घे. त्या तुज्या शेगडीवर मला एक भाकरी करून दाव, आन् मग लिव काय लिवायचं ते."

मी फॉर्म बाजूला ठेवले. शेगडी एका उंच लोखंडी घडवंचीवर होती. म्हणजे थापायचं खाली बसून आणि भाकरी टाकायला उठून उभं राहायचं. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटायला गेले तर तव्याबरोबर सगळी शेगडीच सरकली. जाळ निळा, छान, पण मधोमध, मुठीएवढा. भाकरीचा मधला भाग बघता बघता काळा पडला आणि कडा पांढऱ्या कच्च्याच राहिल्या. आणि पापुद्रा सुटून भाकरी फुगायची तर ती शेकायला निखारे पाहिजेत. चुलीच्या तोंडाशी आर ओढून भाकरी उभी टेकवली की टम्म फुगते. इथं टेकवायची कशाला? मी तीन भाकऱ्या केल्या आणि तिन्ही कुत्र्यानं हुंगून सोडाव्यात अशा झाल्या. 

"काय लिवनार आता?" तानुबाईंनी विचारलं.

माझे कान तापले होते. घरात लहानपणापासून रोज भाकरी बघितलेली मी, आठ दिवस दाराबाहेरून 'भीती'वर खुणा करत फिरले होते. त्या घडीला मला जी लाज वाटली ती माझ्या पुढच्या साऱ्या शिक्षणापेक्षा मोठी होती. नंतर कितीतरी विद्यार्थ्यांच्या प्रश्नावल्या तपासताना मी पहिल्यांदा एवढंच विचारत आले, की तू चपला काढून आत गेलास का?

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली. या वेळी दारात उभी राहिले नाही. आत जाऊन बसायची, भाकरी करायला लावायची किंवा स्वतः करायची, आणि जळलेला काळा गोल किती मोठा आहे ते शिवणाच्या दोऱ्यानं मोजून दोरा तोडून जपून ठेवायची. एकीचा हात जड, दुसरीचा हलका. कुणाची भाकरी जाड, कुणाची कागदासारखी. पण दोरे सगळे सारखे. जळका गोल प्रत्येक घरात तेवढाच, कारण तो बाईच्या हाताचा नव्हता, बर्नरचा होता. आणखी एक गोष्ट दिसली. तानुबाईंनी त्यांच्या शेगडीभोवती मागच्या बाजूला मातीचं कडं घालून बघितलं होतं, आणि जाळ कडेला पसरावा म्हणून मध्ये बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा ठेवला होता. जमलं नव्हतं. पण घडवंचीमागं दडवून ठेवलेला तो उद्योग बघितल्यावर 'अज्ञान' या शब्दाकडं मला बघवेना.

भरलेले फॉर्म बाद करून मी उरलेले कोरे फॉर्म आणि दोऱ्यांची पुडी घेऊन काळे सरांसमोर उभी राहिले. फॉर्म बघून ते वैतागले.

"कदम, सहा आठवड्यांत पुण्याहून समिती येते आहे. मी त्यांना काय दाखवू? भाकरी हा तांत्रिक मुद्दा नाही."

मी पुडी उघडून दोरे एकेक करून त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले.  "सर, हे चौदा घरांतले आहेत. चौदा बायका चुकल्या असत्या तर चौदा आकाराच्या चुका झाल्या असत्या."

 खिशातली पेन्सिल काढून सरांनी एक दोरा टोकानं सरळ केला, दुसऱ्याला लावून बघितला.  मग म्हणाले, "नुसती चूक दाखवून समितीचं समाधान होणार नाही. त्यांचा अहवाल जवळजवळ तयार आहे. बायकांना शिकवण्यात अर्थ नाही, योजना गुंडाळा, असाच तो आहे. तुमच्याकडं याच्यापेक्षा चांगली शेगडी आहे?"

"नाही. पण सहा आठवडे आहेत."

"आणि नाही झाली तर कोऱ्या फॉर्मवर तुम्हाला या कामाचे गुण मी देऊ शकणार नाही. वर्ष जाईल तुमचं."

"चालेल," मी म्हणाले. चालणार नव्हतं. घरून मला दोनच वर्षांची परवानगी होती.

सरांकडची एक शेगडी घेऊन साताऱ्याला आले आणि आप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी शेगडी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "ही चहाच्या किटलीसाठी केलीय. जवानांच्या कँपात असलीच असायची." त्याच दुपारी त्यांनी पाइप वाकवून मोठं कडं केलं आणि त्याला भोकंच भोकं पाडली. भोकं जास्त म्हणजे जाळ जास्त. गावाला नेऊन पेटवलं तर जाळ मलूल, पिवळा, नुसता लवलवणारा. गॅस तेवढाच, तो इतक्या भोकांना पुरणार कसा? दुसऱ्या खेपेला नोझल मोठं केलं तर 'भप्प' करून जाळ मागं नळीत शिरला आणि तानुबाईंच्या हातातली परात खाली पडली. सहांतले दोन आठवडे असेच गेले. आमच्या साताऱ्यात गोबरगॅस नव्हता, त्यामुळं प्रत्येक नमुना पोत्यात घालून एस. टी.नं गावाला न्यायचा, तानुबाईंच्या नळीला जोडायचा, आणि पोतं घेऊन परत यायचं. कंडक्टर मला ओळखायला लागला. "काय वो ताई, आज तरी पेटलं का?" असं विचारायचा, आणि अख्खी गाडी माझ्याकडं वळून बघायची.

तिसऱ्या आठवड्यात तानुबाईंनी माझ्या हातातलं पोतं काढून घेतलं. "तू कशाला हेलपाटं घालतीस? मीच येते. लोखंड बनवनारा मानूस मला बघू दे तरी."

त्या आल्या, येताना ज्वारीचं पीठ आणि आपला तवाही घेऊन. आप्पांच्या वर्कशॉपमध्ये पाय टाकणारी ती पहिली बाई गिऱ्हाईक. आप्पा जरा बिचकलेच. तानुबाई मात्र जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि म्हणाल्या, "आवं दादा, तुमी भोकं वाढवताय कशापायी? भोकं हायत तेवढीच ऱ्हाऊ द्या. ती निस्ती कडंला न्या. मधी कायबी नको."

"मधी नको? मग मधली भाकरी कच्ची ऱ्हाईल की," आप्पा म्हणाले.

"तवा लोखंडाचा हाय का मातीचा? तापला का आपसूक मधी येतंय. चुलीत जाळ मधी असतोय का? कडंनीच वर येतोय."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, मी आप्पांकडं. लोखंडात तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते कळत नव्हतं असं नाही, पण कुणी त्याला भाकरीबद्दल कधी विचारलं नव्हतं, आणि भाकरी करणारीला कुणी जाळाबद्दल विचारलं नव्हतं. आप्पा उठले. पुढचे दोन दिवस कानस थांबली नाही. जुन्या शेगडीला होती तेवढीच भोकं, पण तव्याच्या काठाजवळून फिरणाऱ्या कड्यावर. खाली जड बैठक, म्हणजे उलटताना सरकायला नको. आणि उंची इतकी कमी की पाटावर बसल्या बसल्या हात पुरावा. नोझल आप्पा केसभर वाढवत गेले. भोवती तानुबाईंनी मातीचं कडं लिंपलं, पुढं चुलीसारखं तोंड ठेवून.

उरला तो निखाऱ्यांचा प्रश्न. तो आईनं सोडवला, आणि तोही वैतागून. तिघं जण तिच्या स्वयंपाकाच्या वेळेला वाद घालत बसलो होतो, तेव्हा ती म्हणाली, "निखारे नाहीत तर नाहीत. फुटक्या कौलाचे तुकडे ठेवा तिथं जाळापाशी. लाल होतात की. माझी आजी बाळंतिणीला शेकायला तेच तापवायची."

पुढच्या खेपेला आप्पाही आमच्याबरोबर गावाला आले. नमुना जोडला, पेटवला. कौलाचे तुकडे हळूहळू काळ्याचे लाल झाले. तानुबाईंनी भाकरी टाकली, पाणी फिरवलं, उलटली. कडा भाजल्या होत्या, मधलं भाजलं होतं. मग तवा उतरवून त्यांनी भाकरी कौलाच्या तुकड्यांना टेकवली. ती एका बाजूनं थोडी उचलली, आणि बसली. पुन्हा टेकवली, पुन्हा अर्धीच. "हुईल," तानुबाई म्हणाल्या. "दाब कमी पडतोय निस्ता." आप्पांनी तिथंच कौलाचे तुकडे एक बोट पुढं सरकवले. तिसरी भाकरी पाऊणभर फुगली. पूर्ण फुगलेली भाकरी बघायच्या आधीच समितीचा दिवस येऊन ठेपला.

त्या सकाळी थंडी मरणाची होती. थंडीत शेण आळसावतं, गॅस कमी होतो, हे काळे सर मला सांगत होते आणि ते पुटपुटणं समितीच्या जीपच्या आवाजात बुडून गेलं. तिघे साहेब उतरले. मुख्य साहेब भरदार अंगाचे, कोटातले. अंगणात अर्धं गाव जमलं होतं, आणि पहिल्यांदाच बायका पुढं होत्या, पुरुष मागं. मी आत शेगडी पेटवली. जाळ आला, पण बोटाच्या नखाएवढा. कौलाचे तुकडे काळेच राहिले. मुख्य साहेबांनी घड्याळ बघितलं. काळे सर माझ्याकडं न बघता जमिनीकडं बघत होते.  मनात आलं, गेलं वर्ष.

तानुबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि कमरेवर हात ठेवून हौदावरच्या ड्रमकडं बघत ओरडल्या, "आगं बायांनो, बघत काय ऱ्हायलाय! त्येच्यावर वझं टाका!"

दोघी जणी गोठ्यामागं धावल्या आणि मोडक्या जात्याची तळी उचलून घेऊन आल्या. ती ड्रमवर ठेवली. शेजारणीनं आपल्या घरची आणली. कुणी वाळूचं पोतं ओढलं. आप्पा पुढं झाले, लष्करी आवाजात "बीच में रखो, बीच में! ड्रम वाकडा होईल!" म्हणून हुकूम सोडायला लागले, आणि बायका हसत हसत तो हुकूम पाळायला लागल्या. ड्रम काल्यात बोटभर खाली दबला, आतल्या गॅसचा दाब वाढला. आतून कुणीतरी ओरडलं, "आला! आला!" कड्यावर भोकाभोकातून निळा जाळ उभा राहिला होता, साऱ्या कडेनं, एकसारखा.

पुढचं सगळं मला आवाजांनी आठवतं. तानुबाईंची थाप पडायला लागली आणि अंगण गप्प झालं. भाकरी तव्यावर पडल्याचा चर्र. पाण्याचा हात. उलथन्याची टकटक. कौलाचे तुकडे लालबुंद झाले होते. त्यांनी भाकरी उचलून टेकवली. क्षणभर काही नाही. मग तिची एक बाजू उचलली, मग सगळीच, आणि भाकरी चेंडूसारखी टम्म फुगून उभी राहिली. एका फटीतून वाफेची शिट्टी वाजली. बायकांनी एकदम असा कालवा केला की दावणीच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

मुख्य साहेब आत आले. बूट काढून आले, हे मी टिपून ठेवलं. त्यांना पाट दिला, पुढं भाकरी, खर्डा, दही. ते खात राहिले. पहिली संपली, दुसरी संपली, खर्ड्यानं नाकाडोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी तिसरीला त्यांनी नको म्हटलं नाही. त्यांच्याबरोबरच्या साहेबांनी हातात कागद धरून तानुबाईंना विचारलं, "बाई, तुम्हाला शेगडीची भीती नाही वाटत?"

"भीती?" तानुबाई म्हणाल्या. "सायेब, रोज सात म्हशींच्या लाथा चुकवते मी. ह्या एवढुशा जाळाला भिऊ व्हय?"

हशा पिकला. तो ओसरायच्या आत काळे सर उभे राहिले. आता ते शेगडीचा तांत्रिक तपशील सांगतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "साहेब, मी केलेला फॉर्म चुकीचा होता. त्यात बरोबर उत्तराला जागाच नव्हती. ती यांनी शोधली." आणि त्यांनी माझ्याकडं हात केला. आप्पा हौदापाशी उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा नीट घातली. आमच्या घरात याहून मोठं कौतुक नसायचं.

योजना गुंडाळली गेली नाही. नव्या शेगडीचा नकाशा काढायचं ठरलं, आणि त्यावरून पुढं इस्लामपूरकडच्या एका वर्कशॉपमध्ये शेगड्या व्हायला लागल्या. कवठे महांकाळकडच्या बायकांनी आमची बाजरीची भाकरी वेगळी आहे म्हणून तोंड आणखी रुंद करायला लावलं, आणि ते केलं गेलं. मला पूर्ण गुण मिळाले. गुणांपेक्षा मोठं म्हणजे काळे सरांनी विचारलं, "कदम, याच्यावर पीएच. डी. करणार? विभाग कुठला ते मला सांगता येत नाही. भांडून मिळवावा लागेल." आम्ही दोघं भांडलो आणि मिळवला. एक मार्गदर्शक समाजशास्त्राचे, एक इंजिनिअरिंगचे, आणि दोघंही सहीच्या वेळी एकमेकांकडं बघायचे.

नकाशा तयार झाला तेव्हा उजव्या कोपऱ्यातला 'रचना' असं लिहिलेला चौकोन रिकामा होता. सरांनी कागद माझ्यापुढं सरकवला आणि पेन्सिल दिली. मी तीन नावं लिहिली, तानुबाईंचं पहिलं, मग आप्पांचं, मग आईचं. सरांनी वाचलं आणि खाली चौथं लिहिलं, ते माझं. स्वतः मात्र 'तपासले' या चौकोनात सही केली.

तो नकाशा घेऊन आम्ही दोघं गावाला गेलो. तानुबाई हौदापाशी होत्या, वाकून, शेणात पाणी कालवत. मी त्यांना कागद उलगडून नावावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी ओल्या हाताचा स्पर्श होऊ नये म्हणून मान तिरकी करून बघितलं.

"माजंच का हे? पैलं?"

"पहिलं."

त्या खूश झाल्या. लपवायचा त्यांनी अजिबात प्रयत्न केला नाही. सुनेला हाक मारली, जावेला हाक मारली, दोघींना दाखवायला लावलं. मग काळे सरांकडं वळून म्हणाल्या, "मग आता दुसरं काम घ्या सायेब. शेगडी झाली ब्येस. पर हे शेण रोज वाकून कालवायचं कुनी? बाईनंच. कंबरंचा पार काटा ढिला झालाय. ह्येचं काय ते बघा."

सरांनी लगेच खिशातली पेन्सिल काढली. "बरोबर. किती वाकावं लागतं, किती वेळ, जरा दाखवता का? मी टिपून घेतो."

"दावायचं काय त्यात?" तानुबाई बाजूला झाल्या आणि हौदाकडं हात केला. "तुमीच कालवा की."

मी सरांकडं बघितलं. त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली, मग वही दिली. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडल्या, आधी मनगटापर्यंत, मग थोडा विचार करून कोपरापर्यंत, आणि ते वाकले.

"खाली, आनखी खाली!" तानुबाई ओरडल्या. "तळाचं वर आलं पायजे!"